शेंदराचे चार दिवस

इस्माईलभाई रंगारी गेल्याची वार्ता मला जऊळक्याच्या स्थानकावर, गाडीची वाट पाहत असता, एका ओळखीच्या तांगेवाल्याने सांगितली. दफन आदल्या दिवशीच झाले होते. त्यास आज सहा आठवडे लोटले. त्यांच्याविषयी लिहावे असे मला कोणी सुचवलेले नाही. परंतु एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे.

वाशीमात पाठशाळेतून परतताना मी नित्य त्यांच्या ओट्यावर घटकाभर बसत असे. तांगे, धमण्या म्हणजे बैलांच्या हलक्या गाड्या, पालखीचे दांडे रंगवणे हा त्यांचा व्यवसाय. चाकाच्या कडेने बारीक पिवळी रेघ ओढताना ते श्वास रोखून धरीत आणि रेघ पुरी झाली की हसून म्हणत, "महाराज, तुमी शलोक घोकता, मी टीन घोकतो. दोघाइचंही पाठ व्हाले जलम जाते."

एका भाद्रपदात अनसिंगकडच्या एका जमीनदारांची जुनी मोटार त्यांच्याकडे आली. सर्वांगावर गंज चढलेला. दसऱ्याच्या पूजेला ती नवी दिसावी, काम मनाजोगे झाले तर इतरांच्याही मोटारी पाठवू, असे मालकांनी सांगितले होते. "तांगेवाला रंगारी म्हनतात मले," इस्माईलभाई म्हणाले, "आता मोटारवाला म्हनतीन!" साठीच्या त्या मुखावर तसा हर्ष मी पूर्वी पाहिला नव्हता.

पंधरा दिवस त्यांनी काचकागदाने पत्रा घासला, घासलेटाने पुसला, मडगार्डाची सडलेली कड कापून नवी जोडली. पत्रा चांदीसारखा उजळला. आता गंज रोखणारा पहिला हात शेंदराचा द्यावयाचा होता. जवसाच्या तेलात घोटलेला तो शेंदूर पाहून माझे हात आपसूक जोडले गेले... आणि तेथेच माझी बुद्धी चळली. पितृपक्ष चालू होता. मालक त्या दिवशी काम पाहावयास आले होते. त्यांनी मुहूर्ताविषयी माझे मत विचारले. मी म्हणालो, "शेंदूर हे देवाचे द्रव्य. पितृपक्षात त्याने आरंभ करू नये. अमावास्येला चार दिवस आहेत, थांबावे."

"महाराज," इस्माईलभाई म्हणाले, "उघडं लोखंड दव पेते. त्याले पितरपाक कायले समजते?"

मालक हसले. मी हसलो नाही. "शास्त्र आहे," एवढेच बोललो. कोणत्या ग्रंथात, असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर मला सांगता आले नसते.

चार दिवस इस्माईलभाईंनी मोटार ताडपत्रीखाली झाकली, रोज पुसली. पाचव्या सकाळी पत्र्यावर गंजाची पिवळसर साय धरली होती. सांध्यांत, जेथे बोट पोचत नाही, तेथे अधिक. पुन्हा मुळापासून घासावे तर रंगाचे हात दसऱ्यापूर्वी वाळणार नव्हते, आणि मालक दिवस पुढे ढकलावयास तयार नव्हते. जमेल तेवढे घासून त्यांनी शेंदूर आणि वर काळा रंग चढवला. दसऱ्याला मोटार झळकली. पुढच्या पावसाळ्यात मडगार्डावरचा रंग फुगून सुटला.

शेलूबाजारच्या बाजारात दहा जणांदेखत मालक म्हणाले, "तांगे रंगवनाऱ्यानं मोटार बुडवली माही!" इस्माईलभाई समोर उभे होते. मीही होतो. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मी उपरणे सावरले आणि संध्येची वेळ झाली म्हणून निघालो.

त्यांच्याकडे पुन्हा मोटार आली नाही. आणि मी पाठशाळेतून लांबच्या रस्त्याने घरी जाऊ लागलो... नऊ वर्षे.

यंदा हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळल्याचे ऐकून गेलो. ते उशीला टेकून बसले. "या महाराज. रस्ता सापडला म्हना!"

मी मोटारीचा विषय काढला. त्यांनी हात हलवला. "ते जाऊ द्या हो. मालकाचं तोंड कोन धरते? तुमी येनं काहून बंद केलं, ते सांगा."

जऊळक्याला एका यजमानांकडे सप्ताह आहे, तो आटोपून येतो आणि निवांत बसतो, असे म्हणालो. "बसा मंग," ते म्हणाले, "ओटा रिकामाच हाये." त्या सप्ताहाहून परततानाच स्थानकावर ती वार्ता कळली.

समाचाराला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी अमिनाबी मला परसात घेऊन गेल्या. भिंतीच्या खिळ्यावर हातभर पत्रा टांगलेला होता. त्याच मोटारीच्या मडगार्डाची कापून काढलेली कड. तिचा सडका भाग छाटून उरलेल्याला इस्माईलभाईंनी, मी थांबावयास सांगितले त्याच सायंकाळी, अमावास्येची वाट न पाहता, शेंदूर लावला होता आणि त्यावर काळा रंग. नऊ पावसाळे भिंतीवर काढलेल्या त्या पत्र्यात माझे मुख दिसत होते. गंजाचा एक ठिपका नाही.

"मी म्हनो, दाखवा हे लोकाइले," अमिनाबी म्हणाल्या. "तर म्हनत, राहू दे, महाराजाइचं शास्त्र खोटं पडीन."

तो पत्रा मी मागून आणला. माझ्या दाराशी, येणाऱ्याला प्रथम दिसेल असा लावला आहे. हे काम कोणाच्या हातचे आणि ती मोटार कोणाच्या शब्दाने बिघडली, दोन्ही सांगावयाचे मी ठरवले आहे. अद्याप कोणी विचारलेले नाही. म्हणून येथे लिहिले.