भाविकाचा शांत फोन

बोनकोड्यात कुणी घराबाहेर पाऊल टाकलं आणि त्याला कुणी "कुटं चाल्लास?" असं विचारलं नाही, असं पूर्वी व्हायचंच नाही. दळण आणायला जा, हळदीला जा, नाहीतर नुसते हात हलवत नाक्यावर जा, ओट्यावर बसलेलं कुणी ना कुणी हटकणारच. भाविका म्हात्रे लग्न होऊन या आळीत आली तेव्हा तिला या प्रश्नाचा अस्सा राग यायचा! अरे, मी कुठेही जाईन, तुमच्या पोटात का दुखतं? पण सासूने बजावलं होतं, उत्तर द्यायचं आणि पुढे व्हायचं. ती द्यायची, नाक मुरडून.

सासू गेली आणि वर्षभरातच सासऱ्याचं, किसनचं, डोकं त्याला सोडून चाललं. हा किसन कोपरखैरणेच्या खाडीकाठी मिठागरं होती तेव्हाचा माणूस. उघाडीवर त्याचं काम. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. अमावस्या-पुनवेला उधाण चढलं की हवं तेवढं पाणी आत घ्यायचं आणि वेळेवर दार पाडायचं. चुकलं तर बांध फुटणार आणि सगळ्या गावाच्या मिठाचं पाणी होणार. मिठागरं कधीच बुजली, वर इमारती उठल्या, खारफुटीच्या आत एक दगडी खांब तेवढा उरला. पण किसनच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं आणि नेमकी उघाडी राहिली. मुलाचं नाव विसरायचा, जेवलो की नाही ते विसरायचा, उधाण मात्र विसरत नसे. त्या दिवशी फावडं खांद्यावर टाकून निघालाच म्हणून समजा.

मग आळी त्याला अडवायची.

"कुटं चाल्लास रं दादूस?" शेजारची रखमा ओट्यावरून ओरडायची.

"उघारी टाकाला."

"टाकली, टाकली, कवाच टाकली. ये, चा पी."

म्हातारा निमूट बसायचा, चहा प्यायचा, घरी जायचा. इतकं सोपं होतं ते.

भाविकाचा नवरा कान्हा बार्जवर कामाला. महिनोन् महिने समुद्रात, तिथे फोन लागला तर लागला. त्यानेच बापाच्या मनगटाला ते घड्याळ बांधलं. नकाशावर आळीभोवती एक रेघ आखायची. म्हाताऱ्याने रेघ ओलांडली की भाविकाच्या फोनवर घंटी वाजणार, "हद्दीबाहेर" अशी अक्षरं उमटणार. त्या घड्याळाच्या जिवावर भाविकाला बेलापुरातल्या एका वकिलाच्या ऑफिसात नोकरी धरता आली. लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःची खुर्ची, स्वतःचा डबा, "मॅडम" म्हणणारी माणसं! कान्हाने जाताना एकच अट घातली होती. "एकदा जरी ह्या घड्यालानं दगा दिला ना, तर नोकरी बंद. बाबा हाय तवर तू घरान."

आणि भाविकाने आळीला काय सांगावं? "आता बाबांना हटकत जाऊ नका हं, उगाच चिडतात. मला सगळं कळतं फोनवर, ऑफिसात बसून." थोडा तोराच होता त्यात, खोटं कशाला बोला.

"बरा हाय बाय," रखमा म्हणाली. "आमच्या डोल्यांना तेवरीच सुट्टी."

घंटी वाजली की भाविका रिक्षा करून यायची आणि म्हाताऱ्याला अर्ध्या वाटेवरून घरी आणायची; असं वर्ष निघालं. मग भाविकाचा जुना फोन बादलीत पडला. ऑफिसातला श्यामसुंदर म्हणजे फोनच्या बाबतीत भलताच हट्टी माणूस. तो म्हणाला, सगळं जग वापरतं ते तुम्ही कशाला वापरता? हा घ्या. ही वेगळीच सिस्टीम आहे, लोकांना नावसुद्धा माहीत नाही. जाहिराती नाहीत, टेहळणी नाही, बॅटरी दोन-दोन दिवस. घड्याळाचं ॲप या फोनसाठी निघालेलंच नव्हतं. ते श्यामसुंदरने कसलीशी आडवाट काढून बसवून दिलं आणि म्हणाला, चालतंय की!

आणि खरंच, काय तो फोन! भाविका त्याच्या प्रेमातच पडली. जुन्याची दिवसभर किरकिर चालायची, हे घ्या, ते बघा, अमुकने फोटो टाकला. हा गप्प. नको असलेली ॲप आपणहून झोपवायचा. संध्याकाळी घरी येताना तिचं डोकं हलकं असायचं. कान्हा फोन लागला की चिडवायचा, "काय गो, तुजा मुका फोन काय बोलतो?" तीही हसायची.

एका संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती. किसन समोर पाटावर बसून चहात बटर बुडवत होता. तिने वेळ बघायला फोन उचलला आणि घंटी वाजली. हद्दीबाहेर.

तिने सासऱ्याकडे पाहिलं. म्हातारा बटर चघळत होता. गालावर ताजी दाढी केलेली. म्हणजे दुपारी हा न्हाव्याकडे गेला होता, रेघेपलीकडे, आणि परतही आला होता. आणि फोनला आत्ता जाग आली होती! तिला आधी हसू आलं. मग तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

श्यामसुंदर म्हणाला, त्यात काय, फोन त्या ॲपलाही झोपवतो. तुम्ही मधून मधून ते उघडत जा, जागं राहील. टेन्शन नका घेऊ. ती उघडत राहिली. टाइप करताना, डबा खाताना, बाथरूममध्येसुद्धा. दुसरा फोन घ्यायचा, रविवारी बघू, असं प्रत्येक रविवारी ठरायचं. कान्हाला सांगायला तोंड उघडलं की ती अट आठवायची, खुर्ची आठवायची, आणि तोंड मिटायचं. निदान रखमाला तरी सांगायचं होतं! पण तिच्यापुढे तोरा मिरवून झालेला, आता कुठल्या तोंडाने सांगणार? भीती पोटात घेऊन ती कामाला जात राहिली.

अमावस्येच्या सकाळी किसन दारात उभा राहून खाडीच्या बाजूला बघत होता.

"आज उधान हाय ना गो?"

"हो बाबा. उघाडी टाकलीय. तुम्ही जेवून झोपा," ती म्हणाली. चपला पायात सरकवताना तिने मागे वळून पाहिलं. फावडं मोरीच्या कोपऱ्यात उभं होतं. ते माळ्यावर टाकावं असं मनात आलं, पण रिक्षावाला हॉर्न मारत होता.

नेमकं त्याच दिवशी वकीलसाहेबांचं तातडीचं काम निघालं. आतल्या केबिनमध्ये बसून मजकूर उतरवायचा, फोन बाहेर टेबलावर. सुरुवातीला तिचा जीव तिथेच अडकला होता. मग कामात तंद्री लागली. बाहेर आली तेव्हा बाकीचे डबे उघडत होते. फोन तसाच, गप्प, शहाण्या बाळासारखा. तिने ॲप उघडलं.

हद्दीबाहेर. हद्दीबाहेर. हद्दीबाहेर. थांबेचना. सगळ्या घंट्या सकाळपासूनच्या, एकामागून एक.

नकाशावरचा ठिपका खारफुटीच्या हिरव्यात होता आणि हलत नव्हता. तिने रखमाला फोन लावला.

"रखमाकाकी, बाबा कुठायत?"

"दादूस? तो तं सकालीच गेला. फावरा घेऊन."

"आणि तुम्ही... हटकलं नाहीत?"

"तूच नको बोल्लीस ना गो?" रखमाचा आवाज बारीक झाला. "जनाबाय बी ओट्यावर, टेलरवाला बी दुकानान. समद्यांनी बघला. मी बोल्ली, भाविकाला कलला असंल."

भाविका तशीच धावत खाली आली, मिळेल त्या रिक्षात बसली. पाम बीच रस्त्याच्या कडेने खाडी दिसत होती, काठोकाठ भरलेली, उन्हात चमकणारी. ती मोठमोठ्याने रडत होती आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. ती पोचली तेव्हा सगळी आळी काठावर उभी होती आणि खारफुटीचे नुसते शेंडे पाण्यावर होते. आत शिरायची कुणाची छाती नव्हती. ओहोटी लागल्यावर गावातल्या होडीवाल्यांनी त्याला आणलं. तो त्या दगडी खांबाशीच होता, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेला, फावडं हातात घट्ट. पाणी डोक्यावरून जाऊन आलं होतं.

कान्हा आला, बापाला अग्नी दिला, आणि घड्याळाचं की नोकरीचं नावही काढलं नाही. तेवढं बोलला असता तर बरं झालं असतं. सुतक फिटल्यावर तो बार्जवर परत गेला.

भाविकाची नोकरी आहे अजून. आता अडवणारं कोण राहिलंय? सकाळी ती निघते. पहिल्या ओट्यावरून रखमा विचारते, "कुटं चाल्लीस गो?" मग जनाबाय विचारते. मग टेलर सुई तोंडातून काढून विचारतो. तिला रोज बघतात, रोज विचारतात, एकही चुकत नाही.

भाविका प्रत्येक ओट्यापाशी थांबते. "ऑफिसला चाललेय. बेलापूरला. संध्याकाळी येईन," असं सांगते, आणि समोरच्याने "बरं" म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.