धुक्यात टाकलेला घास

भाद्रपदातल्या पावसात धापा टाकत डोंगर चढून आम्ही तळ्यापाशी पोचलो, तर तळंच दिसेना. समोर नुसतं पांढरं धुकं.

"हे दाखवायला आणलंत होय मला?" बायको छत्री सावरत म्हणाली. मी वैतागून कातळावर बसलो आणि डबा उघडला.

जेवायच्या आधी पहिला घास बाजूला काढायची तिची माहेरची सवय. गेल्या वर्षी आजारपणात तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं, तेव्हाही दवाखान्यातल्या ताटाच्या कडेला ती भाताची चार शितं काढून ठेवायची. मला राग यायचा. स्वतःला घास उतरत नाही, आणि हा कुणासाठी? पुढे ती बरी झाली. आभार कुणाचे मानायचे, ते मात्र मला कधी उमगलं नाही.

आज तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि सरळ धुक्यात टाकला. डुबुक असा आवाज आला. पाठोपाठ त्या तुकड्यावर मासे तुटून पडल्याची खळबळ ऐकू आली.

"आहे हो तळं," ती हसून म्हणाली, आणि ठेचा लावून चवीने जेवू लागली.

मी माझा घास तोंडाशी नेता नेता थांबलो. मग तिच्यासारखाच तो समोरच्या धुक्यात टाकला, आणि कान देऊन बसलो.