शिंजिरीच्या शेजारचा मांडव

ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या रोह्याच्या घरापुढल्या डाळिंबावर शिंजिरीची मादी घरटं बांधत होती. कोळ्याच्या जाळ्यांनी वाळक्या पानांचे तुकडे आणि सालपटं चिकटवून तिने एक लांबट पिशवी टांगली होती. बाजूला दार, दारावर इवलीशी पडवी. जांभळा चकचकीत नर नुसताच आसपास फिरे. आई म्हणायची, "बघा, काम कोण करतंय नि मिरवतंय कोण!"

लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा घरट्यात पिल्लं होती. मांडववाला आला, फांदी धरून म्हणाला, "ही तोडायला लागंल. खांब इथंच येतोय."

ताई ओट्यावरून उतरली. "मांडव अलीकडे घ्या."

"वाकडा दिसंल गो."

"दिसू दे."

मांडव खरोखरच वाकडा झाला. मावशी म्हणाली, पेणची माणसं काय म्हणतील? आईलाही तीच धास्ती होती. ताईचे सासरे पेणजवळच्या धरमतर खाडीकडचे शेतकरी, मोठ्या आवाजाचे. पण ताई ऐकेना.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड वाजतगाजत आलं आणि मादी उडाली ती परतेना. हळदीच्या अंगाने ताई खिडकीशी उभी. पिल्लांच्या उघड्या चोची दिसत होत्या. शेवटी बाबा फाटकापाशी गेले आणि त्यांनी हात जोडून वाजंत्री थांबवायला सांगितली.

सासरे पुढे आले. "काय झालं? आमचं काय चुकलं काय?"

बाबांनी नुसतं डाळिंबाकडे बोट केलं. सासरे फांदीजवळ गेले, वाकून पाहिलं, आणि तोंडावर बोट ठेवून मागे सरले. वाजंत्रीवाल्यांना म्हणाले, "रस्त्यावर जा रे. तिथं वाजवा काय ते."

सगळे थांबले. थोड्या वेळाने मादी आली, चोचीत कोळी धरून. तिच्यामागून नरही आला, त्याच्याही चोचीत काहीतरी होतं. सासरे हसले. "व्हय, बापूस पण कामाला लागला!"

आईचा चेहरा तेव्हा कुठे सैल झाला. ताई सासरी कशी राहील याची काळजी तिला महिनाभर पोखरत होती. त्या दिवशी सासऱ्यांना वाढताना तिने आग्रहाने दुसऱ्यांदा तूप घातलं, आणि ताईला निरोप देताना आम्हा सगळ्यांपेक्षा तीच कमी रडली.