बोक्यासह भाडेकरू

ड्वाइट लिंडक्विस्टचं सगळं आयुष्य अमेरिकेतल्या गेल्सबर्ग गावाहून मालगाड्या हाकण्यात गेलं. माणूस अंगाने आडदांड आणि बोलायला महाकंजूष. गेल ही त्याची बायको. ती म्हणायची, "याच्या तोंडून शब्द काढायचा तर पकड लागते."

एका ऑक्टोबरात, गावाबाहेरच्या फाटकावर एक जुना पिकअप रुळांवर अडकून राहिला होता. ड्वाइटने भोंगा दाबून धरला, ब्रेक ओढला. पण कोळशाने भरलेली मालगाडी ब्रेक ओढला म्हणून थोडीच जागच्या जागी थांबते! पिकअपमधल्या माणसाने मान वळवून वर पाहिलं. तो चेहरा ड्वाइटला दिसला, आणि मग काहीच करण्यासारखं उरलं नाही.

चौकशी झाली. तुझी काही चूक नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. साहेबांनी पाठ थोपटली, सुट्टी दिली. सुट्टी संपल्यावर तो पुन्हा इंजिनात चढला. घरी मात्र तो पलंगावर निजेना. खुर्चीत दिवा लावून बसायचा, डोळा लागला की दचकून उठायचा. गेलने वर्ष-दीड वर्ष वाट पाहिली. "तू घरात असतोस ड्वाइट, पण माझ्यापाशी नसतोस," असं म्हणून ती एक दिवस तिच्या भावाकडे आयोवाला निघून गेली. भांडण असं झालंच नाही.

त्यानंतर त्याने रेल्वेच्या यार्डात डबे लावायचं काम मागून घेतलं. तिथल्या अवजारांच्या खोलीत एक पिवळट, अर्ध्या शेपटीचा बोका राहायचा. बाहेर गोठवणारी थंडी पडली तेव्हा ड्वाइट त्याला एका रात्रीपुरता घरी घेऊन आला. बोका तिथेच राहिला; रंगावरून त्याचं नाव मस्टर्ड, म्हणजे मोहरी, असं ठेवलं. ड्वाइट दचकून उठला की हा बोका छातीवर चढून बसायचा आणि घुरघुरायचा. ती घुरघुर ऐकता ऐकता ड्वाइटचा श्वास जागेवर यायचा. महिन्याभरात तो पलंगावर निजू लागला.

पुढे घर विकलं. ड्वाइटने विटांच्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे कुठलंही जनावर पाळायला बंदी होती. मस्टर्ड त्याच्या बहिणीकडे, डार्लीनकडे गेला आणि खुर्ची, दिवा सगळं परत सुरू झालं. एका दुपारी कामाहून येताना ड्वाइटची मोटार फाटकापाशी आली. फाटक उघडं होतं, दोन्ही बाजूंना गाडी नव्हती, तरी त्याचा पाय काही हलेना. मागे मोटारींची रांग लागली, भोंगे वाजले. शेवटी एका बाईने खाली उतरून त्याला बाजूला बसवलं आणि त्याची मोटार पलीकडे नेऊन दिली.

हे कळल्यावर डार्लीन तडक आली. "अरे, बोका हवाय ना तुला? मनाच्या आधाराला प्राणी लागतो, अशी डॉक्टरची चिठ्ठी मिळते; ती दाखवली की बंदी लागू होत नाही. हे बघ!" तिने फोनवरच पैसे भरले. चार दिवसांनी कुणा डॉक्टरच्या सहीचं, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं आणि सोबत बोक्याला घालायचं लाल जाकीटही.

इमारतीची व्यवस्थापक योलांडा प्रूइट हिने ते प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"मिस्टर लिंडक्विस्ट, हे डॉक्टर तुम्हाला भेटले कधी?"

"भेटले नाहीत."

"मग त्यांना काय कप्पाळ कळणार तुमचं! असे कागद माझ्याकडे ढिगाने येतात. मागे एकाने सापासाठी आणला होता." मग तिचा आवाज खाली आला. "मी तुम्हाला हाकलत नाही. तुम्हाला ओळखणाऱ्या, तुमच्यावर उपचार करणाऱ्या माणसाचं पत्र आणा. काय झालंय ते मला सांगू नका, ते विचारायचा मला हक्कही नाही. गरज आहे, एवढंच त्यात असू द्या."

पंचाईत हीच होती. त्याच्यावर उपचार करणारं कुणी नव्हतंच. कारण तो कुणापाशी गेलाच नव्हता.

ज्युडिथ ब्रँडनर या समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "पहिल्या दिवशी मी पत्र देत नसते."

"मग मी इथे काय करू?"

"बोक्याबद्दल सांगा."

बोक्याबद्दल बोलायला त्याला अवघड वाटेना. शेपूट कशी तुटली असेल, तो मासा कसा चोरतो, हेच दोन-तीन भेटी चाललं. मग बाईंनी विचारलं, "छातीवर येऊन बसतो म्हणालात. कधी बसतो?"  ड्वाइटने फाटकापासून सगळं सांगितलं, अगदी त्या चेहऱ्यापर्यंत. सांगताना रडू आलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी पत्र मिळालं. जेमतेम चार ओळी. हे गृहस्थ माझ्याकडे उपचार घेतात, या प्राण्यामुळे त्यांना राहत्या घरी आधार मिळतो. फाटकाचा उल्लेख नव्हता. आपण आजारी आहोत हे कागदावर वाचताना त्याला आधी लाज वाटली आणि मग हायसं वाटलं.

योलांडाने पत्र ठेवून घेतलं. "अनामत नको, जादा भाडं नको. पण दारं ओरबाडली तर खर्च तुमच्याकडून घेईन हं!"

मस्टर्ड आला. पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, ऐंशी वर्षं उलटलेल्या ओपल स्टॅम्पर या बाईने ड्वाइटला जिन्यातच गाठलं.

"इथे राहायला येताना मी माझी बिस्किट भाचीला देऊन टाकली. बारा वर्षांची कुत्री! नियम म्हणजे नियम, म्हणून. आणि तू चांगला धडधाकट बाप्या, तुला मांजर चालतं?"

त्याला काहीच सांगायची गरज नव्हती. कायदाही तेच म्हणत होता. पण तिचे ओठ थरथरत होते. तो पायरीवर बसला.

"मॅडम, मी मालगाडी चालवायचो. एक माणूस माझ्या गाडीखाली गेला."

त्याने पार पत्रापर्यंतचं सगळं सांगितलं, तिने उभ्याउभ्याच कठड्याला धरून ऐकलं.

"नाव काय होतं त्याचं?"

"लायल. लायल हेन्शॉ." हे नाव त्याने ज्युडिथबाईंपाशीही घेतलं नव्हतं.

ओपल म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही, की डॉक्टरचं पत्र आणून जनावर ठेवू का असं विचारता येतं म्हणून," आणि दार लावून आत गेली.

बरेच दिवस ती बोलली नाही. मग एका सकाळी दार वाजलं. तिच्या हातात ट्यूना माशाचा डबा होता.

"मांजरासाठी आणलाय. तुझ्यासाठी नाही."

"आत या ना, मॅडम."

"येते. पण कॉफी जरा कडक कर. तुमच्या रेल्वेवाल्यांची कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी!"

त्या वसंतात योलांडाला सांगून तिनेही आपल्या डॉक्टरांकडे तशा पत्राची विचारणा केली. पण बिस्किट आता भाचीच्या अंगणात रमली होती, तिला तिथून उचलायला ओपलचं मन धजेना. भाची रविवारी कुत्रीला घेऊन येते, आणि तेवढा वेळ मस्टर्ड कपाटावर चढून फिस्कारत बसतो. ड्वाइट अजूनही ज्युडिथबाईंकडे जातो. पत्र हातात आल्यावर जाणं बंद करावं, असं त्याच्या मनात कधी आलं नाही.