गाळणी बघितलीस का?

मावशीला कोणी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" तर ती म्हणते, "प्रश्न विचारते." समोरचा बुचकळ्यात पडतो. मग काका पुरवणी जोडतात, "कंप्युटरला विचारते. मला मेलं कधी काही विचारत नाही."

चपला-बुटांच्या दुकानांची एक मोठी साखळी आहे, तिच्या हेड ऑफिसात मावशी रिपोर्ट बनवते. प्रत्येक दुकानातलं बिल एका ठिकाणी येऊन पडतं आणि त्या ढिगाऱ्याला ती सॉफ्टवेअरमधून प्रश्न घालते. पांढरे बूट कुठे पडून राहतात? शाळा सुरू होताना कुठला नंबर संपतो? उत्तर म्हणून पडद्यावर रंगीत खांब उभे राहतात. साहेबलोक खांब बघतात. मावशी आधी गाळणी बघते. गाळणी म्हणजे फिल्टर. कुठली बिलं मोजायची आणि कुठली वगळायची, ते तिथे ठरतं. घरातही तिचं तेच. मी म्हटलं, "या वेळी सगळ्यांनाच कमी मार्क पडलेत," की चष्म्यावरून नजर येते, "गाळणी बघितलीस का? सगळे म्हणजे तू आणि तुझी ती मैत्रीणच ना?"

कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहते, त्यामुळे नकला करायला दोघांचे आवाज मला फुकटात पाठ झालेत. काका त्याच कंपनीच्या मोठ्या दुकानात, मागच्या बाजूला, दुरुस्तीच्या काउंटरवर बसतात. तळ बदलणं, टाच ठोकणं, चेन बसवणं. ओठांत खिळे धरून बोलायची इतकी सवय, की घरी भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ओठ मिटूनच सांगतात.

पण माझी हातखंडा नक्कल डावीची. मावशीच्या शेजारच्या टेबलावरची ही बाई. हे नाव काकांनी ठेवलेलं. "आपली ही उजवा बूट, ती डावा. एक हरवला की दुसरा फेकूनच द्यायचा." डावी नोकरीला लागली तेव्हा तिला बिलं टाइप करण्यापलीकडे काही येत नव्हतं. मावशीने शेजारी बसवून सगळं शिकवलं. सुट्टीच्या दुपारी चहालाही ती आमच्याकडेच. तेव्हापासून ऑफिसात काहीही अडलं की डावीचं एकच पालुपद: "मी आहे ना, ताई!" त्यातला "ना" असा वर चढवायचा, की पतंगाला ढील दिल्यासारखा वाटला पाहिजे.

मावशीचा पाय ऑफिसच्या जिन्यात मुरगळला आणि प्लास्टर चढलं, नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी प्रश्न टाकला. दुकानांमधले दुरुस्तीचे काउंटर ठेवायचे की काढायचे? दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक पुढे नवे बूट घ्यायला येतं का, ते मावशीने शोधायचं. येत असेल तर काउंटर राहणार. नसेल तर काकांची खुर्ची गेली.

मावशीने आधीच सांगितलं, "साहेब, माझे यजमान त्याच काउंटरवर आहेत. हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

साहेब म्हणाले, "थोडक्यात सांगा. करताय ना?" साहेबांना सगळंच थोडक्यात लागतं.

रिपोर्टचा सांगाडा तयार होता, त्यात बिलं चढवायची तेवढी राहिली होती. डावी पेरू घेऊन बघायला आली. प्लास्टरखाली उशी सरकवली, मावशीचे केस सारखे केले. "ताई, तुम्ही पडून राहा. बिलं मी चढवते. फक्त मला तुमच्या रिपोर्टमध्ये बदल करायची परवानगी देऊन ठेवा. मी आहे ना, ताई!"

ती गेल्यावर काका म्हणाले, "घराची किल्ली दिलीस की."

"घरच्याच माणसाला दिली," मावशी म्हणाली.

मीटिंग जेवायच्या टेबलावरून झाली. मी समोर पुस्तक उघडून बसले होते, कान लॅपटॉपमध्ये. मावशीने रिपोर्ट उघडला. खांब इतके बुटके, की जमिनीला चिकटलेले. ती एक घोट पाणी प्यायली आणि ताठ बसली.

"साहेब, दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक परत खरेदीला येत नाही, असं दिसतंय."

"थोडक्यात सांगा. बंद करायचं?"

"आकडे तसं म्हणतायत."

"यजमान तिथे असताना सांगितलंत! याला म्हणतात प्रामाणिकपणा."

"ताईंकडून हेच तर शिकायचं," डावीचा आवाज आला, मधात बुडवलेला.

मग साहेबांनी जाहीर केलं, की रिकाम्या जागेत ऑनलाइन ऑर्डरी देण्याचे काउंटर येतील आणि ते सगळे डावी सांभाळेल. मावशीने तिचं तोंडभरून अभिनंदन केलं. अगदी मनापासून.

संध्याकाळी काकांना तिनेच सांगितलं. त्यांनी हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग चक्क तोंड उघडून म्हणाले, "चला, खिळे काढून बोलायला मोकळा झालो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी दुकानवार तपशील काढत होती, तर गिऱ्हाईकं फारच थोडी भरली. कोपऱ्यात बघते तो गाळणीची पट्टी मिटून लपवून ठेवलेली. उघडली. आत अट होती: दुरुस्ती आणि खरेदी एकाच महिन्यात.

"आज तळ बदलून घेतलेला माणूस याच महिन्यात नवे बूट कशाला घेईल?" ती पुटपुटली आणि महिन्याच्या जागी वर्ष घातलं. खांब भराभर वाढले. मी टाळ्या वाजवल्या. ती मात्र पडद्याकडे बघतच राहिली.

"दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असता तर आधी गाळणी बघितली असती गं," ती म्हणाली. "आपलाच, म्हणून नाही बघितली."

तिने डावीला फोन लावला. स्पीकर बंद करायचंही तिला सुचलं नाही.

"ताई, एकही आकडा खोटा नाही त्यात," डावी म्हणाली. "प्रश्न थोडा बदलला, एवढंच."

"काउंटर हवे होते तर साहेबांकडे मागायचेस. माझ्या तोंडून का वदवून घेतलंस?"

मग डावी म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या तोंडून साहेबांना पटलं नसतं, ताई."

काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. बूट कुठेही शिवता येतात. तुझं नाव गेलं तर ते नाही शिवता येणार."

मावशीने तरीही साहेबांना फोन केला.

"थोडक्यात सांगा. काल खोटं बोललात की आज?"

"काल अर्धवट बोलले, साहेब. गाळणी बदललेली होती, मी न बघता वाचलं." कुणी बदलली, तेही तिने सांगितलं.

"पण परवानगी तुम्हीच दिली होती ना? आता लोक म्हणणार, नवऱ्याची खुर्ची गेली तसे बाईंचे आकडे फिरले."

"म्हणू देत. गिऱ्हाईकं परत येतात, साहेब. ती मोजा."

साहेबांनी मोजून घेतली. काउंटर राहिले. पण यापुढे मावशीचा कुठलाही रिपोर्ट दुसऱ्याने तपासल्याशिवाय वर जाणार नाही, असा हुकूम निघाला. आणि ऑफिसात गाळणी तपासता येणारं दुसरं माणूस एकच. मावशीनेच तयार केलेलं. आता प्रत्येक रिपोर्ट शेजारच्या टेबलावर जातो आणि परत येतो तेव्हा खाली शेरा असतो: गाळणी बघितली.

मावशीचं प्लास्टर निघालंय, काका पुन्हा खिळे धरून बोलायला लागलेत, डावी मात्र चहाला येत नाही. परवा सुट्टीच्या दुपारी ते म्हणाले, "काहीतरी करून दाखव गं, घर कसं सुनंसुनं झालंय." मी सवयीने दारात उभी राहिले आणि पतंगाला ढील दिली, "मी आहे ना, ताई!"

"ये गं, चहा टाकलाच आहे," म्हणत मावशी स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आली. दोन्ही हातांत दोन कप. मला बघून थांबली.

"हुबेहूब जमतं हं तुला," ती म्हणाली, आणि दुसरा कप माझ्यापुढे ठेवला.