इवाईंची हाक

माझ्या व्याह्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि मला जिवाची भीती त्यांच्याइतकी मन लावून दुसऱ्या कोणी दाखवलेली नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. आमच्याकडे इवाई म्हणतात. बार्शीटाकळीकडे त्यांची काळी जमीन आहे, विहीर आहे, घोडा आहे, आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीची त्यांना वेगवेगळी भीती वाटते. चप्पल घालण्याआधी ते ती उलटी करून आपटतात, आणि विंचू पडला नाही तर निर्धास्त व्हायचं सोडून "मंग गेला कुठं?" म्हणत घरभर शोधतात. अमरावतीला आमच्या घरी मुलगी बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून ते सारखे वरच्या पंख्याकडे बघत होते. पंखा जुना म्हणून नाक मुरडताहेत, असं वाटून मी मनातून खचलो. शेवटी खुर्चीसकट भिंतीपर्यंत सरकून म्हणाले, "पोरगी पसंत हाये जी. पन थो पंखा बदलवा."

असा माणूस डोंगरातल्या वाटा साफ करणाऱ्या घोडेस्वार मंडळाचा म्होरक्या कसा, असं कोणालाही वाटेल. पण मंडळ निघालं तेच भीतीतून. इवाईंची पहिली घोडी त्या डोंगरात एका सुट्या दगडावरून घसरून दरीत गेली. इवाई तेवढे वर राहिले. दुसऱ्या कोणी घोड्याचं नाव टाकलं असतं. यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन तो दगड उचलला, मग त्याच्या शेजारचा, आणि ते अजून थांबलेले नाहीत. हळूहळू आसपासचे घोडेवाले जमले, वनखात्याची परवानगी निघाली, आणि दर पौषात ही मंडळी पदरची भाकर बांधून डोंगरात जाऊ लागली. पौषच का, तर पौषात लग्नं नसतात आणि वरातीच्या घोड्या रिकाम्या असतात. इवाई पुढे, त्यांच्या टोपीला जी फांदी लागेल तिला ते चिंधी बांधतात आणि मागचे ती तोडतात. सुटा दगड दरीत ढकलायचा नाही, "खाली कोनी असन तं?" म्हणून तो उचलून डोंगराच्या अंगाला लावायचा. वर झऱ्यापाशी मंडळाचा मुक्काम आहे: पत्र्याचा मांडव, घोडे बांधायला आडवी बल्ली, तीन दगडांची चूल. निघताना रांजण भरून आणि चुलीशी कोरडं सरपण ठेवून निघायचं. मागून येणारा कोण, हे माहीत नसलं तरी. आणि वाटेच्या प्रत्येक वळणावर पुढून इवाईंची हाक येते, "हाये का?" शेवटच्या स्वारानं ओरडायचं, "हाये!" त्याशिवाय त्यांचा घोडा पुढे जात नाही.

मी ऑटोत बसलो तरी दांडा सोडत नाही, असा माणूस. पण लग्नानंतरच्या पहिल्याच पौषात इवाईंचा फोन आला, "येता का जी डोंगरात?" मुलीच्या सासऱ्याला 'मला भीती वाटते' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगितलं असतं तर त्यांनी आनंदानं मला मिठी मारली असती, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या वाट्याला राणी आली. सगळ्यात गरीब घोडी, पण जन्म वरातीत गेलेला. चार पावलं चालली की थांबायची, पुढच्यांचा नाच आटपेपर्यंत. तिचा मालक म्हणाला, "भाऊ, 'चला वो, मुहूर्त टळून राह्यला' असं वरडा, मंग चालते." त्या दिवशी मी रिकाम्या जंगलात इतक्या वेळा मुहूर्ताच्या नावानं ओरडलो, की तेवढा पोरीच्या लग्नातसुद्धा ओरडलो नव्हतो.

परतीच्या वाटेवर अर्थातच मी सगळ्यांच्या मागे होतो. एका वळणावर, जिथे डावीकडे कातळ आणि उजवीकडे दरी, राणी थांबली. मी मुहूर्ताची आठवण दिली. ती हलेना. मी टाचा मारल्या, आवाज चढवला, "अवो चला, नवरदेव खोळंबला!" तेव्हा समोरच्या बोरीच्या जाळीतून अस्वल बाहेर आलं. आमच्यात फार तर घराच्या ओट्याएवढं अंतर. ते दोन पायांवर उभं राहिलं आणि माझ्याकडे असं बघू लागलं, की जणू मीच नवरदेव. त्याच्या श्वासाचा घरघर आवाज मला ऐकू येत होता. माझा मात्र बंद झाला होता.

वळणापलीकडून हाक आली, "हाये का?" मी तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. पुन्हा हाक आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आवाज फाटलेला होता, आणि मग काहीच आलं नाही. ती शांतता अस्वलापेक्षा वाईट होती.

आणि एकदम ठणठण सुरू झाली. इवाई, सरड्याला बघून रस्ता बदलणारे इवाई, घोडा सोडून पायी, एकटे, वाटेवरची माती उचलायच्या घमेल्यावर विळा आपटत वळणावरून धावत आले. अस्वल चार पायांवर आलं आणि काट्याकुट्यांतून खाली उतरून गेलं. पण राणीला दिवसभरात पहिल्यांदा बँड ऐकू आला होता. तिनं पुढचा पाय उचलला आणि त्या दरीच्या काठावर, मला पाठीवर घेऊन, ती नाचायला लागली. तिच्या गळ्याला मिठी मारून मी किंचाळलो, "वाजवनं थांबवा!"

वाजणं थांबलं. मी डोळ्यांसमोर दिसत असूनही इवाईंनी विचारलं, "हाये का?"

"हाये."

तेव्हा ते वाटेतच खाली बसले. पुन्हा वाजू नये म्हणून घमेलं त्यांनी मांडीत घट्ट धरलं. "काहून 'ओ' देली नाई तुमी? 'माहा बाप कुठं ठेवला' म्हनली असती सून, तं काय सांगतलं असतं मी?"

याला आता काही वर्षं झाली. यंदा इवाईंच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी घोडा बंद केला. पौषात मंडळ गेलं, मीही गेलो. राणीवरच, आणि अजूनही घाबरतच. इवाई डोंगराच्या पायथ्याशी बाज टाकून बसले होते, घमेलं शेजारी. उतरताना जिथून खाली आवाज पोचतो त्या वळणावर मी शेवटी होतो. खालून हाक आली, पण बारीक, पाण्याखालून आल्यासारखी, "हाये का?"

"हाये!" मी ओरडलो. आणि काय वाटलं कोण जाणे, पहिल्यांदाच उलट विचारलं, "इवाई, तुमी हाये का?"

उत्तर आलं नाही. राणी थांबली होती. मी तिला मुहूर्ताचं काही बोललो नाही. सागाची वाळकी पानं खाली सरकत होती, आणि माझी मूठ तिच्या आयाळीत रुतत चालली होती. इतकी वर्षं हा माणूस प्रत्येक वळणावर एवढं भीत आला?

मग खाली घमेलं वाजलं. एकदाच.

राणीनं कान टवकारले आणि पुढचा पाय उचलला. मी तिला अडवलं नाही.