हौसाबाईचा टाक

विंझरमध्ये कुणाला मोबाईलवरून काही मागवायचं असलं, की आधी हनुमंताला विचारायचं, अशी गावाची रीतच पडून गेली होती. रस्त्याकडेला त्याचं किराणा दुकान. कुरिअरवाला नसरापूरहून आला की गावभरची पार्सलं तिथंच टाकून जायचा, आणि हनुमंत प्रत्येक पार्सल चारी अंगांनी फिरवून बघायचा. माणूस मुळातच संशयी. नारळ कानाशी हलवून सगळेच घेतात. हा काडेपेटीसुद्धा उघडून, एक काडी ओढून मगच घ्यायचा. त्याची बायको म्हणायची, "लगीन ठरलं तवा ह्यांनी माझी बी पावती मागितली आसंल."

पण त्या संशयानं गावाचं भलंच झालं, हे कबूल करायला हवं. गोरखला जुनी नाणी जमवायचा नाद. कुठल्याशा ग्रुपवर एकानं त्याला शिवराईचं मडकंच्या मडकं देऊ केलं, तेव्हा हनुमंत म्हणाला, "त्याला म्हनावं आजचा पेपर शेजारी ठिव आन इडिओ पाठव. खरा आसंल तर पाठवंल." तो माणूस जो गडप झाला, तो पुन्हा दिसला नाही. पार्सल आलं की हनुमंत स्वतः मोबाईलवर चित्रण करायचा. आधी चिकटपट्टी दाखवायची, मग तारीख-वेळ मोठ्यानं सांगायची, मग ब्लेड लावायचं, सगळं एका दमात, मध्ये न थांबता. कोर्टात साक्ष दिल्यासारखा त्याचा आवाज लागायचा आणि पोरं तोंड दाबून हसायची. हसू देत. फसवला गेलेला एकही माणूस त्या दुकानातून बाहेर पडला नाही.

असा माणूस. आणि त्याच्याच देवघरातले देव चोरीला गेले.

दोन वर्षांपूर्वी कामथडीला लग्न होतं. सगळं घर तिकडं गेलं आणि मागं कुणीतरी कुलूप तोडून देवघरातले चांदीचे टाक नेले. खंडोबा, जोगूबाई आणि हौसाबाई. पहिले दोन देव. हौसाबाई माणूस होती. हनुमंताच्या वडिलांची पहिली बायको. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मग तिच्याच पाठच्या बहिणीला, अंबूबाईला, त्या घरात दिली. रिवाजाप्रमाणं थोरल्या सवतीच्या नावानं चांदीच्या पत्र्यावर बाईची बोटभर आकृती उठवून घेतली आणि ती देवघरात बसवली. अंबूबाईला ती कधी सवत वाटलीच नाही. ती तिची आक्का. साठ वर्षं रोज सकाळी तिला हळदीकुंकू लावल्याशिवाय अंबूबाईनं चहा घेतला नव्हता. सणाला गोड केलं की पहिला घास तिला, नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं. तान्ह्या हनुमंतानं दात येताना तो टाक एकदा चावला होता. त्याचा एक कोपरा तेव्हापासून आत वळलेला होता.

चोरीनंतर देवघरात टाकांच्या जागी सुपाऱ्या मांडल्या. खंडोबाची सुपारी अंबूबाईनं चालवून घेतली. आक्काच्या सुपारीला मात्र तिचा हात धजेना. "देवाला काय, तो कशात बी ऱ्हातो. माझी आक्का सुपारीत कशी मावंल?" म्हणायची. ऐंशीच्या घरातली बाई, मोतीबिंदूनं डोळे अधू, जेवण निम्म्यावर आलेलं. मरायच्या आधी आक्का घरी यावी, एवढंच तिचं मागणं होतं. हनुमंताला ते दिवसातून तीनदा ऐकावं लागायचं.

म्हणून तो जुन्या वस्तू विकणाऱ्यांचे ग्रुप धुंडाळायला लागला. लोक आजकाल दुसऱ्यांचे देव भिंतीवर चौकटीत लावायला विकत घेतात, हे त्याला तिथंच कळलं. किळस आली, पण तो बघत राहिला. आणि एके दुपारी गिऱ्हाईकाला साखर मोजता मोजता त्याचा हात थांबला. पडद्यावर चांदीची बाई होती आणि तिचा एक कोपरा आत वळलेला होता.

आता हनुमंत हनुमंतच होता. त्यानं लगेच उडी घेतली नाही. विकणाऱ्याचं नाव नुसतं 'वैदेही', ना फोटो ना पत्ता, खातं चार महिन्यांचं. हे वाईट. पण त्या खात्यावर आधी विकलेल्या सहा वस्तू होत्या आणि घेणाऱ्यांनी बरं लिहिलं होतं. हे बरं. तरी लिहिणारे तिचेच लोक असतील, हेही त्याच्या मनात आलं. पोलिसांत जावं, तर नुसत्या नावावरून माणूस सापडायचा कधी? सापडलाच तर टाक मुद्देमाल म्हणून कपाटात पडणार, आणि खटला संपेपर्यंत आई थांबणार का? त्यानं व्हिडिओ मागितला. आला. तळहातावर टाक, शेजारी त्या दिवशीचा पेपर. तळहात उलटला तेव्हा मागच्या खोलगट भागात जुनं कुंकू काळं होऊन बसलेलं दिसलं. ते कुंकू कुणी लावलेलं, हे हनुमंताला सांगायला कुणी लागत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

सगळे पैसे आधी मागितले होते. त्याच्या जागी गोरख असता तर हनुमंतानं त्याला दुकानाबाहेर काढला असता. पण ज्या कंपनीच्या ॲपवर ही विक्री चालायची, तिचा एक नियम होता: वस्तू वेगळी निघाली, तर पार्सल मिळाल्यापासून सात दिवसांत उघडतानाचं अखंड चित्रण पाठवा, पैसे परत. हनुमंतानं तो नियम तीनदा वाचला. चित्रण तर त्याच्या हातचा मळ. भाव करावा म्हणत तो टाइप करायला लागला, तर अंबूबाईनं हात धरला. "माझ्या आक्काचा भाव करतूस?" त्यानं मागितले तेवढे भरले.

पार्सल आलं त्याच दिवशी सकाळी भावकीतले गेनबाआण्णा गेले. नव्वदीला टेकलेले म्हातारे, कधीतरी जायचेच होते, पण एकच दिवस थांबले असते तर! हनुमंत स्मशानातून परत आला तर दुकानाच्या फळीवर तळहाताएवढा खोका. त्यानं मोबाईल काढला, ब्लेड घेतलं.

"हनमा, खाली ठिव ते," अंबूबाई दारातून म्हणाली.

"आई, नुसतं उघडून बघतो. पुजा नगं करूस."

"सुतकात तिला हात लावनार तू? चोरांनी बाटवली ती बाटवली, आता पोटचं पोर बी बाटवतंय व्हय?"

तो भावकीतल्या कुंडलिकतात्यांकडे गेला. तात्या म्हणाले, "आरं, खोका उघडायला काय सुतक? पर तुझ्या आईला कोन सांगनार?" कुणीच सांगू शकत नव्हतं. त्यानं कंपनीला मुदत वाढवून मागितली, घरात सुतक आहे म्हणून सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की आपलं समाधान हेच आमचं ध्येय आहे. उत्तर देणाऱ्या यंत्राला सुतक म्हणजे काय हे कुणी शिकवलं नव्हतं.

खोका धुतलेल्या फडक्यात बांधून देवघराजवळच्या खुंटीला टांगला. आणि खरं सांगायचं तर त्या सुतकाच्या घरात एकटी अंबूबाई आनंदात होती. अंग राखून दूर बसायची आणि खुंटीकडे बघून बोलायची. गावात कोण गेलं, कुणाच्या सुनेला काय झालं, दोन वर्षांचं साठलेलं सगळं. बायकोनं हनुमंताला सांगितलं, "आई आज दोन भाकरी जेवल्या."

सातव्या दिवशी दुपारी अंबूबाई ओसरीवर डुलकी घेत होती. हनुमंतानं फडकं सोडलं. खोका हातावर तोलला. वजन बरोबर वाटलं. एकदा ब्लेड टेकवलंसुद्धा. जन्मभर ज्यानं कुणावर विश्वास ठेवला नाही, त्याला त्या घडीला विश्वास ठेवायचा होता. व्हिडिओतल्या कुंकवावर, आईच्या दोन भाकऱ्यांवर. त्यानं खोका परत बांधून ठेवला. स्वतःला म्हणाला, आईसाठी ठेवला. निम्मं खरं होतं.

तेराव्या दिवशी सुतक फिटलं. घर सारवलं, गोमूत्र शिंपडलं. अंबूबाई न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून पाटावर बसली, पुढं हळदीकुंकवाचा करंडा आणि वाटीत शिरा. हनुमंतानं सवयीनं मोबाईल उभा केला, चिकटपट्टी दाखवली, तारीख सांगितली. आत कागद, कागदात कागद आणि मधोमध गंज चढलेल्या दोन लोखंडी चकत्या, बोल्टाखाली घालतात तसल्या, एकमेकींना दोऱ्यानं बांधलेल्या.

अंबूबाईला दिसत नव्हतं. तिनं कुंकवाचं बोट पुढं केलं. "दी की हातात."

'वैदेही' नावाचं खातं तोवर बंद झालं होतं. तक्रारीच्या जागी 'मुदत संपली' एवढेच शब्द होते.

"आई, आत लोखंड हाय," हनुमंत म्हणाला. तिचं बोट तसंच पुढं होतं, आणि त्या बोटाकडं बघताना त्याच्या आत काहीतरी तुटलं. तो ओरडला, "म्या म्हनलं न्हवतं उघडू दे म्हून? सात दिस हुते हातात! तुझ्या सुतकानं घालवलं सगळं!"

बायकोनं पदर तोंडात धरला. अंबूबाईनं बोट मागं घेतलं आणि लुगड्याला पुसलं. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. हिशेब जुळल्यासारखी ती शांतपणे म्हणाली, "म्हंजी मीच घालवली तिला. पयल्यांदा तिच्या घरात येऊन बसले, आता हे. दोनदा घालवली."

"तसं न्हाई, आई," असं म्हणायला हवं होतं. चूक माझी, मी सातव्या दिवशी ब्लेड टेकवून मागं घेतलं, असं सांगायला हवं होतं. शब्द हनुमंताच्या तोंडापर्यंत आले आणि तिथंच राहिले. पुढं कितीदा तरी त्यानं ते बोलायचं ठरवलं, पण प्रत्येक वेळी अंबूबाई त्याला जेवलास का विचारायची आणि तो हो म्हणून उठायचा.

ती आता सकाळी उठल्याबरोबर चहा घेते. आक्काचं नाव तिनं त्यानंतर काढलेलं नाही.